पुसलेली तीट

धार,
रविवार, २२ जानेवारी २००६

सौ. मालनवन्संना धाकट्या भावजयीचा, जयवंतीचा, पदर लावून नमस्कार.

या पत्राबरोबर भैयासाहेबांच्या हाती एक सीडी देते आहे. आमच्या गल्लीतले हे भैयासाहेब तुमच्या देवासच्या कारखान्यात आहेत. सोमवारी जातात, शनिवारी परत येतात. सीडीवर बोटं उमटू देऊ नका, असं सार्थकनं बजावलंय. तुमचा भाचा माझ्यावर ओरडतो तसा तुमच्यावर ओरडणार नाही, पण जपा.

संक्रांतीला अवंतीचं बोरन्हाण केलं. तुमचे गुडघे धरले म्हणून तुम्ही आला नाहीत, ती रुखरुख राहिली. हलव्याचे दागिने मी घरीच केले. मंद शेगडीवर एकेका दाण्याला काटा फुलवत बसले, बोटांची सालं गेली, पण बाजारच्या हलव्याला तसा पांढरेपणा नाही. काळं झबलं सूनबाईच्या, कोमलच्या, माहेरून आलं. मुकुट, हार, बाजूबंद चढवून नातीला पाटावर बसवलं तेव्हा तुमचे भाऊ पूजेला बसल्यासारखे तिच्यासमोर बसून राहिले.

कोमलच्या भावानं डिजिटल कॅमेरा आणला होता. रोलचा खर्च नाही म्हणून सगळे सुटलेच. मीच म्हटलं, बाबा, कार्ड भरेल, फोटो बारीक काढ. त्यातला पाटावरचा फोटो फार गोड आलाय. गालावर मी लावलेली तीट, हातात बोर, आणि डाव्या डोळ्यात हलव्याचा दाणा असा चमकलाय की चांदणीच. हे म्हणाले, मुकुटाचं प्रतिबिंब आहे. येईल त्याला ती चांदणी दाखवतात.

इथल्या स्टुडिओत तो मोठा करून पाहिला, तर पिवळाधमक आणि अंधुक आला. तुमच्या गल्लीतल्या मोनूकडे मशीन चांगलं आहे म्हणता, तर बैठकीत फ्रेम करून लावण्याजोगा मोठा, स्वच्छ करून घ्याल का? पैसे भैयासाहेबांबरोबर पाठवीन. हा खर्च घरखर्चात मांडू की देवखर्चात, असं ह्यांना विचारलं, तर म्हणाले, नातीचा आहे, देवखर्चात मांड.

तुमच्या यजमानांना, अण्णांना, नमस्कार.

तुमची
जयवंती

---

देवास,
शुक्रवार, ३ फेब्रुवारी २००६

जयवंती, तुला आणि तुझ्या देवखर्चाला देवीच्या टेकडीच्या पायथ्यावरून आशीर्वाद.

सीडी घेऊन मी स्वतः मोनूकडे गेले. मोनूला, साऱ्या गल्लीच्या ‘मोनू भिया’ला, तू ओळखत नाहीस. कानात बाळी, तोंडात सुपारी, आणि कॉम्प्युटरसमोर बसला की गिऱ्हाइकाकडे पाठ. त्यानं आधी आपल्या सगळ्यांना झाडलं. म्हणाला, "मौसी, फोटो खींचे हैं कि पोस्ट के टिकट?" तू बारीक काढायला सांगितलेस ना, ते पडद्यावर छान दिसतात, पण मोठ्या कागदावर ताणले की नुसत्या चौकड्या होतात म्हणे. तुझं नशीब, पाटावरचा फोटो तुझ्या सूचनेच्या आधीचा निघाला. तो मोठा आहे.

मग मी तिथे स्टुलावर बसूनच राहिले. गुडघे दुखेपर्यंत बघितलं. मूळ फोटोला तो हात लावत नाही. त्याची नक्कल करतो, आणि जे काय कापायचं-रंगवायचं ते नकलेवर. पुन्हापुन्हा साठवला की फोटो झिजतो, म्हणून मूळ वेगळा जपून ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. तुमच्या बैठकीतल्या बल्बाचा पिवळा रंग आधी उतरवला. फ्रेमचा आकार लांबट आणि फोटो चौकोनी, तेव्हा वरून मुकुट कापला जात होता. मी म्हटलं, मुकुट कापलास तर माझी भावजय तुला शाप देईल. मग त्यानं बाजूची भिंत वाढवून दिली. पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, त्यामुळे कागदावर सगळं काळवंडतं. म्हणून आधी छोटा नमुना काढून पाहायचा आणि मग मोठा. तो नमुना सोबत आहे. बाकी साफसफाई त्यानं मी घरी गेल्यावर केली.

पसंत असेल तर कळव, मोठा काढायला सांगते. मोनू म्हणतो, बेबीला हिरोइन करून टाकलंय.

अण्णांचा मोतीबिंदू पिकत आलाय. ते फोटोला नाक लावून बघत होते.

मालन

---

धार,
रविवार, ५ फेब्रुवारी २००६

वन्सं, नमस्कार.

नमुना पाहिला, पुन्हा पाहिला. तुम्ही हसाल. कोमल हसलीच. पण तीट कुठे आहे?

गालावरची तीट पुसली आहे त्यानं. इतके दागिने घातलेलं लेकरू, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचा फोटो, आणि गाल कोरा. कोमल म्हणाली, "आई, फोटोला कुणाची नजर लागते? तो डाग समजून साफ केला असेल त्यानं." असेल. पण वन्सं, तो नमुना घरात आला त्याच संध्याकाळपासून मी बघते आहे. अवंती रांगताना डावीकडच्या दाराच्या चौकटीवर आपटते. उजवीकडून जाते तेव्हा नीट जाते. आज सकाळी बोर पुढे केलं तर तिनं हात घातला तो बोराच्या शेजारी, हवेत. मान एका बाजूला कलवून बघते. शेजारच्या रुक्मिणीबाई म्हणाल्या, जरा तिरपं बघणं भाग्याचं असतं. मला भाग्याचं वाटत नाही.

मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या तर ठसका लागला नाही. आमच्याकडे ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट होती असं धरतात, हे तुमच्याच आईंनी मला शिकवलंय.

मोनूला सांगा, तीट होती तिथेच परत लाव. आणि त्यानं आणखी काय काय पुसलंय ते सगळं विचारून लिहा. एकही सोडू नका. तुमच्या भावांना मी काही बोलले नाही. त्यांचा रक्तदाब तुम्हाला ठाऊक आहे.

जयवंती

---

देवास,
शुक्रवार, १० फेब्रुवारी २००६

जयवंतीस आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मोनूकडे गेले होते. तीट लावून घेतली, नवा नमुना पाठवते. बाकी त्यानं बारीकसारीक काढलं, पाटामागची वायर, हनुवटीवरची लाळ, असलं काहीतरी. काळजी करू नकोस.

एक सुचलं ते लिहिते. अवंतीला घेऊन तुम्ही सगळे एकदा इकडे या. टेकडीवरच्या देवीला मी नवस बोलले आहे. आणि येता येता इंदुरात थांबा. अण्णांचे डोळे तिथल्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचेच आहेत, आम्ही तिथे येऊ. सगळे बरोबर असलो म्हणजे अवंतीलाही सहज दाखवता येईल. लहान मुलांचे डोळे एकदा दाखवून घेतलेले बरे असतात म्हणे. लौकर ठरवा. या आठवड्यात जमलं तर उत्तम.

मोठा फोटो अजून काढलेला नाही.

मालन

---

धार,
रविवार, १२ फेब्रुवारी २००६

वन्सं,

तुमचं पत्र मी देवघरात बसून वाचलं, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

लग्न होऊन आले तेव्हापासून तुमची पत्रं वाचते आहे. तुमचं पत्र आणि त्यात एकही टोमणा नाही, असं फक्त मामंजी गेले तेव्हा झालं होतं. देवी घरातही असते म्हणून टेकडीची पायरी न चढणाऱ्या तुम्ही, नवस बोललात? आणि मी विचारलं होतं, काय काय पुसलं, एकही सोडू नका. तुम्ही लिहिलंत, असलं काहीतरी.

मग मी इथल्या स्टुडिओतला तो पिवळा फोटो काढला आणि मोनूचा नमुना शेजारी ठेवला. खिडकीत नेऊन उजेडात पाहिला. पिवळ्यात डाव्या डोळ्यात चांदणी आहे. मोनूच्या फोटोत नाही. तिथे नुसतं काळंभोर बुबुळ आहे, उजव्यासारखं. तुम्ही लिहिलं नाहीत तेच पुसलंय ना त्यानं?

आता पुढचं सावकाश वाचा.

काल दुपारी कोमल गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी अवंतीला मांडीवर घेतलं. देवघरातली घंटा घेतली, आतला लोलक बोटानं दाबून धरला, नाद होऊ दिला नाही. तिचा डावा डोळा पदरानं झाकला आणि घंटा फिरवली. ती हसली, घंटेमागे मान फिरवली, दोन्ही हात पुढे केले. मग उजवा डोळा झाकला. वन्सं, तिचं हसू गेलं. मी घंटा अगदी नाकासमोर नेली तरी ती माझ्याकडे बघेना, घंटेकडे बघेना, कुठेच बघेना. माझा हात ढकलायला लागली, पदर ओढायला लागली, आणि मग असं रडली की कोमल कपडे टाकून खाली धावत आली. विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, पडली.

मी खोटं बोलले. घंटा अजून पदरात होती.

आता मला सांगा. दृष्ट असेल तर दृष्ट म्हणा, दुसरं असेल तर दुसरं म्हणा. कोमलला काय सांगू? तिला तिटेचं हसू येतं, माझ्या घंटेवर ती विश्वास ठेवेल का? सार्थक म्हणेल, आईच्या डोक्यात काहीतरी शिरलंय. माझं शिक्षण मॅट्रिकचं, मी कुणाला काय पटवून देणार. आणि खरं सांगू, मला ते पटूच नये असंही वाटतं. मी चुकले असेन, असं कुणीतरी दरडावून म्हणावं.

भैयासाहेबांना सांगितलंय, उतरल्याबरोबर पत्र तुमच्या हातात द्यायचं. उत्तर शनिवारपर्यंत थांबवू नका.

जयवंती

---

देवास,
सोमवार, १३ फेब्रुवारी २००६

जयवंती,

तू चुकली नाहीस.

आमच्या माडीवर विठोबा राहतो, तो इंदूरच्या बसवर ड्रायव्हर आहे. तो हे पत्र आणि सोबतचे फोटो तिथून धारच्या गाडीवरच्या ओळखीच्या माणसाकडे देईल. तो माणूस घरी येऊन तुझ्याच हातात देईल. मी फोन केला होता, कोमलनं उचलला. तिचा आवाज ऐकला आणि माझ्यानं बोलवेना. खुशाली विचारून ठेवून दिला.

त्या दिवशी मोनूकडे मी हसत गेले होते. म्हटलं, भावजयीला हिशेब हवाय, काय काय पुसलंस ते दाखव. त्यानं मूळ आणि नक्कल शेजारीशेजारी उघडली आणि एकेक दाखवत गेला. वायर, लाळ, तीट. मग म्हणाला, "और मौसी, ये आँख में फ्लैश लग गया था, सफेद हो गई थी। मैंने राइट वाली कॉपी करके लेफ्ट में बिठा दी।" त्याच्या रोजच्या कामातलं एक काम. फ्लॅशनं बिघडलेले डोळे तो दिवसभर काळे करतो.

मी म्हटलं, तो हलव्याच्या मुकुटाचा उजेड आहे. तो म्हणाला, असेल. तेवढ्यात त्यानं सीडीतले बाकीचे बारीक फोटो भराभरा पुढे सरकवले. बोरन्हाणानंतर कोमलनं तिला न्हाऊ घातलं, त्याचे फोटो आहेत. अंगावर दागिना नाही, मुकुट नाही. आणि जिथे जिथे ती समोर बघते तिथे तिथे, डावा डोळा पांढरा. उजवा कुठेच नाही. मोनूचीही बोटं थांबली. मला काही माहीत नव्हतं गं, पण जे काही होतं ते हलव्याचं नव्हतं.

तुला लिहायला बसले आणि नवसाचं लिहून गेले. तू एवढी घाबरलेली, त्यात माझ्या भावाचा, कृष्णाचा, रक्तदाब. वाटलं, निमित्त काढून डॉक्टरपर्यंत न्यावं, आधी कशाला जीव घाबरा करायचा. पण तुला फसवायला माझी अक्कल कमी पडली.

आज दुपारी तुझं पत्र हातात पडलं तशी मोनूला दुकान बंद करायला लावलं आणि मूळ फोटोची प्रत घेऊन इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी अवंतीचं वय विचारलं. घंटेचं तुझं लिहिलेलं मी वाचून दाखवलं, ते त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मुलीला उद्याच्या उद्या इंदूरला न्या. पुढच्या आठवड्यात नाही." आजाराचं नाव मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी ते इथे लिहीत नाही. डॉक्टर तोंडानं सांगतील.

मोनूनं सोबत दोन फोटो काढून दिलेत. एकात डोळा होता तसा, एकात त्यानं बसवलेला. पैसे घेतले नाहीत. दुकानाच्या पायरीवर बसला होता, सुपारी थुंकून आला होता. म्हणाला, "मौसी, मैंने तो मिटा ही दी थी।"

कोमलला काही पटवून देऊ नकोस. दोन्ही फोटो तिच्यासमोर ठेव. आई आहे ती.

आम्ही उद्या सकाळी इंदुरात बसस्टँडवर उभे असू.

मालन

---

इंदूर,
शुक्रवार, २४ फेब्रुवारी २००६

वन्सं, नमस्कार.

तुम्ही अण्णांना घेऊन परत गेलात ते बरं केलंत. इथल्या बाकावर तुमचे गुडघे टिकले नसते. मी दवाखान्याच्या ओसरीत बसून लिहिते आहे. उद्या सकाळी ऑपरेशन आहे.

डॉक्टरांनी तुमच्यानंतर पुन्हा सगळ्यांना बसवून समजावलं. डोळ्याच्या आत गाठ आहे. तो पांढरेपणा गाठीचाच. डोळा काढावा लागेल, म्हणजे पोर राहील. उजवा डोळा स्वच्छ आहे. पण गाठीनं डोळ्यामागच्या शिरेतून पुढे पाय पसरलेत का, ते काढलेला डोळा तपासल्यावरच कळणार. तोवर काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. वन्सं, ती तपासणी होईपर्यंतचे दिवस मी कुठे ठेवू, मला कळत नाही. जप करायला घेते आणि मणी कितवा ते विसरते. परवा महाशिवरात्र. धारेश्वराला बेल वाहायला मी पहिल्यांदाच जाणार नाही. मनात सारखं येतं, मी बेल वाहायचे ते देवाला दिसत असेल तर हेही दिसत असेल.

डॉक्टरांनी मोनूचा साफ केलेला फोटो हातात घेतला आणि बाजूला ठेवून दिला. मूळ फोटो मात्र कागदपत्रांना जोडून घेतला. म्हणाले, लहानपणचे आणखी असतील ते आणा. सार्थक जाऊन सगळे घेऊन आला. डिसेंबरातल्या एकात तिरीप दिसते, त्याआधीच्यात नाही. तुमचे भाऊ तेव्हापासून ते फोटो हातात धरत नाहीत. येईल त्याला ती चांदणी त्यांनीच दाखवली होती ना. मी त्यांच्याजवळ जाऊन बसते.

कोमलचं लिहिते. त्या दिवशी मी दोन्ही फोटो तिच्यासमोर ठेवले तेव्हा ती हसली नाही, रडली नाही. उठली आणि अवंतीची पिशवी भरायला लागली. मी घंटेचं सांगायच्या आत तिनंच सांगितलं, दूध पाजताना डावीकडून मी वाकले तर ती दचकते, म्हणून मी उजवीकडूनच वाकते, कधीपासून ते मला आठवत नाही. म्हणजे तिलाही ठाऊक होतं, फक्त हातांना.

आता फोटोचं. मोठा फोटो अजून काढला नाही ना? काढायचा आहे. काल कोमलनंच विषय काढला. म्हणाली, "आई, मोनू भियांना सांगा, आँख मत बदलना. तिला यापुढे बनवलेला डोळा लावायचाय, आयुष्यभर. घरात एक तरी मोठा फोटो असू दे ज्यात दोन्ही डोळे तिचे असतील." सार्थक म्हणाला, ते रोज बघवेल का? ती म्हणाली, मला बघवेल.

तेव्हा मोनूला निरोप द्या. पिवळा रंग उतरवला तो चांगला. मुकुट वाचवला, भिंत वाढवली, तेही राहू दे. पण वायर, लाळ, तीट जिथल्या तिथे, आणि डोळा मूळ आहे तसा. उजव्याची नक्कल नको. त्याच्यावर कुणाचा राग नाही, हेही सांगा. मूळ जपून ठेवायची त्याची रीत नसती तर आम्ही काय बघणार होतो? पैसे मात्र घ्यायला लावा. फुकटचं मी घेत नाही आणि या फोटोचं तर नाहीच.

आत्ता ओसरीवरून आत जाऊन आले, म्हणून एवढं लिहून पुरं करते. नर्सबाई सांगून गेल्या होत्या, उद्या चेहऱ्यावर काजळ, पावडर, तीट काही चालणार नाही, आत नेण्याआधी पुसून काढू. मी मान हलवली. दवाखान्याचा नियम, आपण काय बोलणार. थोड्या वेळानं कोमलनं माझ्या पिशवीतली काजळाची डबी मागितली. अवंती झोपली होती. कोमलनं तिचा डावा मोजा काढला, बोटाच्या टोकानं तळपायाला तीट लावली, आणि मोजा परत न घालता तशीच बसून राहिली.

नर्सबाई ताप बघायला आल्या. त्यांना पाऊल दिसलं. त्या थबकल्या, कोमलकडे पाहिलं. मग पांघरूण ओढून पाऊल झाकलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

जयवंती